खारटपणा मोजायचा कसा? समुद्र, फिश टँक आणि कृष्णाकाठची मीठफुटी

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जे पाल्हाळ झालं ते थोडं छाटलंय, आकडे तसेच ठेवलेत.)

आज सुरुवातीला दोन आकडे सांगतो. दीड आणि पाच.

समजा, वाळवा तालुक्यातला एक उसाचा प्लॉट आहे. मालकाने एकाच पिशवीतली माती दोन लॅबना पाठवली. एकीने क्षारांचा आकडा दिला दीड, दुसरीने पाच. युनिट दोन्हीकडे एकच. आता कुठली लॅब चुकली?

कुठलीच नाही. दोन्ही बरोबर असू शकतात. आणि ते का, हे कळलं नाही तर त्या मालकाचं लाखभर रुपयांचं गणित चुकू शकतं. आजचा विषय एवढाच आहे.

पण या विषयाकडे मी शेतातून आलो नाही, फिश टँकमधून आलो. एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, घरी खाऱ्या पाण्याचा टँक लावलाय. तरंगणारं हायड्रोमीटर एक सांगतं, रिफ्रॅक्टोमीटर दुसरं, टीडीएस पेन तिसरंच. खरं कुणाचं?" उत्तर शोधता शोधता मी समुद्रशास्त्राच्या जुन्या भांडणांत शिरलो आणि तिथून थेट नीरा-कृष्णेच्या खोऱ्यात बाहेर पडलो. कारण मिठाच्या मोजमापाचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा, सगळ्यात महागडा प्रयोग कुणाच्या काचेच्या टाकीत झालेला नाही. तो सातारा-सांगलीच्या काळ्या रानात झाला, आणि अजून चालू आहे.

आधी समुद्राचं बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

पाण्यात मीठ किती, हे शोधायचा सरळ मार्ग काय? पाणी आटवा, उरेल ते वजन करा. मिठागरात तेच तर करतात. पण समुद्राच्या पाण्यावर ही युक्ती नीट चालत नाही. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड पाणी धरून ठेवतं. जास्त तापवलं तर त्यातला काही भाग आम्ल बनून उडून जातो. कमी तापवलं तर वजन जास्त भरतं, जास्त तापवलं तर कमी. म्हणजे मीठ वजन करून मोजता येत नाही, असा विचित्र पेच.

यातून सुटका एका सुंदर निरीक्षणाने झाली. अलेक्झांडर मार्सेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या समुद्रांच्या पाण्यात एकूण मीठ कमी-जास्त असलं तरी त्यातल्या घटकांचं आपसातलं प्रमाण जवळपास सारखंच असतं. पुढे 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून पाणी गोळा केलं. त्यातले ७७ नमुने विल्यम डिटमारने तपासले आणि १८८४ मध्ये तेच पक्कं केलं. मग काम सोपं झालं. सगळं मीठ मोजायची गरजच नाही. एकट्या क्लोराइडचं मोजा आणि गुणाकार करा. डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेनने १९०१ मध्ये त्याचे तक्ते छापले आणि जगभरच्या जहाजांनी कित्येक दशकं तेच वापरले. १९७८ मध्ये क्लोराइडची जागा विजेने घेतली. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघायचं, आणि त्याची तुलना पोटॅशियम क्लोराइडच्या एका ठरावीक द्रावणाशी करायची. आज जहाजं हेच करतात.

यातली मेख लक्षात ठेवा, कारण पुढे तीच उलटणार आहे. समुद्रात एक गोष्ट मोजून बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो, कारण समुद्राची रेसिपी ठरलेली आहे.

आता त्या श्रोत्याचा प्रश्न. हायड्रोमीटर पाण्याची घनता बघतं. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते बघतं. पेन वीज किती वाहते ते बघतं. मीठ मोजणारं यंत्र या तिघांत एकही नाही! तिघंही मिठाचा कुठला तरी परिणाम मोजतात आणि मग आतल्या आत हिशेब करून आकडा दाखवतात. साधारण ३५ ग्रॅम प्रति किलो खारटपणाचं समुद्राचं पाणी घ्या. त्याच्यासारखं पाणी नुसत्या साध्या मिठापासून बनवायचं ठरवलं, तर हायड्रोमीटरला फसवायला किलोमागे सुमारे ३७ ग्रॅम मीठ लागतं, रिफ्रॅक्टोमीटरला साडेछत्तीस आणि विजेच्या मीटरला जेमतेम ३३. एकाच समुद्राचे तीन वेगळे जुळे भाऊ. त्यामुळे साध्या मिठासाठी आखलेला रिफ्रॅक्टोमीटर फिश टँकला वापरला तर तो दीड ग्रॅमने चुकणार, आणि चुकतोय हे कधीच सांगणार नाही.

त्यात तापमान. हायड्रोमीटर १५ अंशांना आखलेलं असेल आणि टाकीत पाणी २५ अंशांचं असेल, तर किलोमागे तीन-साडेतीन ग्रॅमचा फरक पडतो. प्रवाळ ठेवणाऱ्यांना हा फरक परवडत नाही. तोडगा महाग नाही: ३५ चं प्रमाणित द्रावण आणायचं आणि यंत्र त्याच्यावर लावायचं. साध्या पाण्यावर शून्य जुळवलं तर फक्त शून्य जुळतं. ३५ ला काय होतंय याची हमी मिळत नाही. टाकीचं प्रकरण इथे संपलं. आता रानात जाऊ.

कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा आहे. तिथून निघणारा कृष्णा कालवा १८६० च्या दशकातला. उत्तरेला नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि बारामतीच्या बाजूला पाणी गेलं. दुष्काळी मुलखात बारमाही पाणी, म्हणजे सोन्याची खाण. ऊस आला, गुऱ्हाळं आली. आणि काही वर्षांत काही रानं पांढरी पडायला लागली.

मीठफुटी. आपल्याकडे हा शब्द आहे आणि तो अगदी नेमका आहे. उन्हाळ्यात जमिनीवर मीठ फुटून येतं, जसं घामेजलेला सदरा वाळल्यावर पाठीवर पांढरे नकाशे उमटतात. बाहेरून कुणी मीठ टाकलेलं नसतं. काळा खडक झिजून माती होताना क्षार सुटतात, कालव्याच्या पाण्यातही थोडे असतातच. पूर्वी वर्षातले चार महिने पाऊस आणि बाकी कोरडं, त्यामुळे ते खोल पडून राहत. बारमाही पाणी दिलं की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर सरकते. पाणी जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आलं की वातीतून तेल चढावं तसं मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. ऊन पाणी नेतं, मीठ तिथेच सोडून जातं.

हा अनुभव एकट्या दख्खनचा नव्हता. कर्नालजवळच्या मुनक गावच्या शेतकऱ्यांनी १८५५ मध्येच यमुनेच्या कालव्यामुळे रानं बिघडल्याची तक्रार सरकारकडे केली होती. उत्तरेत त्या पांढऱ्या थराला रेह म्हणत. १८७० च्या दशकात सरकारने त्यावर एक समितीही नेमली. म्हणजे नीरेचा कालवा सुरू झाला तेव्हा धोका माहीत नव्हता असं म्हणायला जागा नाही. माझं स्पष्ट मत: महसूल दिसत होता, मीठ दिसत नव्हतं.

१९०७ मध्ये हॅरॉल्ड मान नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे तेच मान, ज्यांनी पुढे पिंपळे सौदागर या खेड्याचा सखोल अभ्यास केला. हो, आज जिथे आयटीवाले फ्लॅट शोधत फिरतात तेच पिंपळे सौदागर. मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर एक अहवाल लिहिला. दख्खनच्या मिठाचा असा लॅबमधून केलेला हा सुरुवातीचा अभ्यास.

त्या काळची पद्धत डोळ्यांसमोर आणा. माती वाळवायची, कुटायची, पाण्यात ढवळायची, गाळायची. गाळलेलं पाणी आटवून उरलेलं वजन करायचं. मग क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेट, सल्फेटसाठी बेरियम क्लोराइड, कार्बोनेटसाठी आम्ल. एकेका नमुन्याला दिवस जाणार. एका तालुक्यात हजारो शेतं, आणि प्रत्येक शेत दर पन्नास पावलांवर वेगळं. ही पद्धत अचूक होती, पण रानाच्या वेगाला पुरी पडणारी नव्हती.

याच सुमाराला पाटबंधाऱ्यांच्या बाजूनेही हालचाल चालू होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली: पाणी ठरावीक गटांना, पिकांची फेरपालट, आणि सगळ्याच रानात ऊस नाही. पाणी जास्त लोकांना पोचावं हा हेतू होताच, पण पाणी साचून जमीन चिबड होऊ नये हाही होता. पुढे १९१६ मध्ये इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. त्यातूनच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. तिथले क्लॉड इंग्लिस आणि व्ही. के. गोखले यांनी १९२० च्या दशकात दख्खनमधल्या पाणथळ जमिनींच्या निचऱ्यावर लिहिलं. दख्खनच्या मातीची एक खोड त्या काळात नीट कळत गेली. काळ्या मातीतून पाणी जेमतेम सरकतं. ते वाहतं खालच्या मुरमातून. म्हणून चर मुरमाला भिडली तरच उपयोग. वरवर खणलेली चर म्हणजे पावसाळ्यात बेडकांची सोय.

आता मोजमापात काय झालं ते ऐका. कानात इयरफोन असतील तर हा भाग खास तुमच्यासाठी.

१८९७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या व्हिटनी आणि मीन्स यांनी मातीतले विरघळणारे क्षार विजेने मोजायची पद्धत मांडली. मातीचा चिखल एका छोट्या पेल्यात भरायचा, दोन बाजूंना धातूच्या पट्ट्या, आणि त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडायची. सरळ एकाच दिशेची सोडली तर पट्ट्यांवर वायू जमून आकडा बिघडतो. व्हीटस्टन ब्रिज तुम्ही बारावीत केलाच असेल. त्यात काटा शून्यावर आणायचा असतो. इथे काट्याऐवजी टेलिफोनचा रिसीव्हर! तो कानाला लावायचा, भुणभुण ऐकू येते, आणि खुंटी फिरवत जायचं. भुणभुण सगळ्यात बारीक झाली की आकडा वाचायचा. एका शेतातली दहा ठिकाणं एका सकाळी होऊ शकत होती. माणसाने मातीतलं मीठ कानाने मोजलं, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात आवडली.

आज मिळणाऱ्या हजार-दीड हजाराच्या पेनच्या पोटात हेच तत्त्व आहे. रिसीव्हर गेला, चिप आली.

आता सातारकडे. १९२० च्या दशकाच्या शेवटी भाटघरचं नवं धरण पूर्ण झालं आणि नीरेचा उजवा कालवा फलटणच्या बाजूने वाहू लागला. फलटण तेव्हा निंबाळकरांचं संस्थान. १९३२ मध्ये सातारा जिल्ह्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. तिथल्या जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी नीरा उजवा आणि प्रवरा कालव्यांखालच्या मातीचं वर्गीकरण करून १९३८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. म्हणजे नुसतं "काळी" म्हणून भागेना. किती खोल, खाली काय, चुनखडी कुठे लागते, क्षार कुठल्या थरात बसलेत, हे सगळं बघायला लागलं. या पाडेगावचा हात पुढेही सुटला नाही. क्षारपड रानात तग धरणारा म्हणून आज शेतकरी जो 'दोनशे पासष्ट' लावतात, तो फुले २६५ तिथलाच.

सातारा आणि सांगलीची नावं मी एका दमात घेतोय त्याला कारण आहे. वाळवा, तासगाव हे जुन्या सातारा जिल्ह्याचेच तालुके. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि त्याचं नाव पुढे सांगली पडलं. नदीला अर्थातच या फाळणीचं काही वाटलं नाही. कराडच्या वर जे पाण्यात मिसळतं ते डिग्रजच्या पुढे जातंच.

स्वातंत्र्यानंतर वेग वाढला. सहकारी कारखाने उभे राहिले, कोयना, धोम, वारणा ही धरणं झाली, आणि नदीकाठच्या गावांनी उपसा योजना केल्या. बांधाबांधावर पाणी पोचलं. मी याला चूक म्हणणार नाही. या पाण्यावर शाळा, कॉलेजं, दवाखाने झाले. माझ्यासारखी कित्येक पोरं त्या उसाच्या बिलावर इंजिनिअर झाली. पण पाटाने येणारं पाणी मोजायची सवय कुणाला लागली नाही, आणि निचऱ्याचा विचार पाण्याच्या मागून, बराच मागून आला. नदीकाठची खोल, चिकट माती, जिची एकरी किंमत सगळ्यात जास्त, तीच आधी बसली.

इथे उसाची गोष्ट सांगायला हवी. जमीन पांढरी दिसेपर्यंत माणूस सावध होत नाही, पण ऊस फार आधी सावध होतो. मास आणि हॉफमन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७७ मध्ये पिकांच्या सहनशक्तीचा तक्ता दिला. त्यात उसाची मर्यादा आहे १.७ डेसिसायमन प्रति मीटर. त्याच्या पुढे प्रत्येक एककाला साधारण सहा टक्के उत्पादन घटतं. १.७ म्हणजे किती? लिटरभर पाण्यात साधारण एक ग्रॅम मीठ. जिभेला जेमतेम कळेल इतकं. समुद्राचं पाणी याच मोजपट्टीवर ५३ च्या आसपास येतं. आता आपल्या सुरुवातीच्या प्लॉटचा पाच हा आकडा धरा. मर्यादेच्या वर ३.३, म्हणजे जवळपास वीस टक्के घट. एकरी पन्नास टन येणाऱ्या रानात दहा टन गेले. रान मात्र हिरवंगार दिसतंय. मालक म्हणतो बियाणं खराब, खत कमी पडलं, आणि अजून एक गोण टाकतो.

मग तो दीडचा आकडा कुठून आला?

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या सॅलिनिटी लॅबोरेटरीने एक पुस्तिका काढली. कृषी खात्याची 'हँडबुक ६०'. क्षारपड जमिनीवर काम करणाऱ्यांची ती जवळजवळ पोथीच आहे. तिने व्याख्या दिली: वाहकता ४ च्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. हा चारचा आकडा आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत, पत्रकांत, व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये सगळीकडे आहे. पण त्याच्यासोबतची अट बहुतेक ठिकाणी गळून पडते. तो ४ मातीच्या संपृक्त लगद्यातून काढलेल्या पाण्याचा आहे. म्हणजे वाळलेल्या मातीत थेंब थेंब पाणी घालत जायचं, पृष्ठभाग चमकायला लागला की थांबायचं, आणि त्यातून पाणी ओढून घेऊन मोजायचं. हे वेळखाऊ काम आहे. त्यामुळे रोज शेकड्यांनी नमुने करणाऱ्या आपल्याकडच्या लॅब वेगळी पद्धत वापरतात: एक भाग माती, अडीच भाग पाणी, ढवळा, मोजा. जलद, स्वस्त, आणि माती परीक्षणाला पुरेशी.

आता हिशेब करा. आपली भारी काळी माती संपृक्त व्हायला शंभर ग्रॅमला साधारण ७५ ग्रॅम पाणी घेते. लॅबमध्ये शंभर ग्रॅमला २५० ग्रॅम पाणी घातलं. मीठ तेच, पाणी तिपटीहून जास्त. पाचचा दीड झाला! जमिनीत जिप्सम असेल तर जास्त पाण्यात तेही जास्त विरघळतं, त्यामुळे हा गुणाकार दर वेळी तंतोतंत बसत नाही. पण अंदाज यायला पुरे.

म्हणून एकास अडीचच्या आकड्यासाठी वेगळा तक्ता आहे. त्यात १ च्या खाली सामान्य, १ ते २ म्हणजे उगवणीला नाजूक. दीड या तक्त्यात धोक्याची घंटा आहे. तोच दीड चारच्या नियमाशी ताडला तर माणूस निवांत झोपतो. रिपोर्टवर आकडा ठळक असतो आणि पद्धत? कधी बारीक अक्षरात असते, कधी नसतेच.

आमच्या धंद्यात याला जुनं उदाहरण आहे. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झालं, कारण एका सॉफ्टवेअरने बलाचा हिशेब पौंडात दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटनमध्ये धरला. आकडा बरोबर होता, त्याच्यासोबतचा अर्थ हरवला. इथे तर एकक सारखंच आहे, त्यामुळे चूक पकडणं आणखी अवघड. बाकी युनिटांना घाबरू नका: मिलीम्हो प्रति सेंटिमीटर, मिलिसायमन प्रति सेंटिमीटर आणि डेसिसायमन प्रति मीटर हे तिन्ही एकच आहेत. फक्त मायक्रो दिसलं की हजाराने भागा. टीडीएस पेन मात्र पीपीएम दाखवतं आणि त्यासाठी वाहकतेला एका ठरावीक संख्येने गुणतं. कुणाचं पेन ०.५ ने, कुणाचं ०.७ ने. तेच पाणी, दोन पेनं, दोन आकडे, दोन्ही यंत्रं धडधाकट.

इथवर सगळा घोळ "किती" याचा होता. मोठा घोळ "कुठलं" याचा आहे.

समुद्राची रेसिपी ठरलेली असते असं मगाशी म्हणालो. रानाची नसते. या रानात सोडियम, शेजारच्या रानात कॅल्शियम. विजेच्या मीटरला दोन्ही सारखेच दिसतात. मातीला मात्र नाही. सोडियम जास्त झाला की चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून देतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. ओली असताना साबणासारखी गुळगुळीत, वाळली की दगड. हँडबुक ६० ने यासाठी दुसरा निकष दिला: मातीच्या कणांना चिकटलेल्या घटकांत सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सहसा सामू ८.५ च्या वर. अशा जमिनीची वाहकता ४ च्या खालीसुद्धा असते. म्हणजे पेन म्हणतं सगळं ठीक, आणि रान मेलेलं.

आपल्या लोकांकडे याला वेगळा शब्द आधीपासून होता. चोपण. मीठ फुटलेली ती खारवट आणि ही चोपण. पाय ठेवला, ढेकूळ फोडलं, पाणी किती वेळ साचतं ते बघितलं की जुनी माणसं सांगायची. लॅबला त्यासाठी दोन वेगळे आकडे लागले. जुनं ते सगळं सोनं असं म्हणणारा मी नाही. ढेकळाकडे बघून किती जिप्सम टाकायचं ते कळत नाही. पण दोन रोग वेगळे आहेत, हे भाषेला ठाऊक होतं.

आणि हे दोन रोग एकत्रही येतात. तिथेच सगळ्यात वाईट सापळा आहे. समजा जमीन खारवटही आहे आणि चोपणही. जोवर मीठ भरपूर आहे तोवर ते मीठच मातीचे कण एकत्र धरून ठेवतं. कुणीतरी सांगितलं, भरपूर गोडं पाणी द्या, मीठ धुऊन जाईल. दिलं. वाहकता झपाट्याने खाली आली, रिपोर्ट छान आला. सोडियम मात्र कणांना चिकटून बसला, आणि त्याला आवरून धरणारं मीठ गेलं. माती फुटली, छिद्रं बुजली. आकडा सुधारला आणि जमीन बिघडली. म्हणून क्रम महत्त्वाचा असतो: आधी पाणी बाहेर जायला वाट, मग सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवायला जिप्सम (चुनखडीच्या रानात गंधकही चालतं), आणि मग धुणं. उलटं, निचरा न करता नुसत्या जिप्समच्या गोणी टाकल्या तर सुटलेला सोडियम जाणार कुठे? तिथेच राहणार.

सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजला राहुरी कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. या भागात क्षारपड जमिनींवर आणि भूमिगत निचऱ्यावर तिथे काम झालंय. भूमिगत निचरा म्हणजे मीटर-सव्वा मीटर खोल सच्छिद्र नळ्या गाडायच्या, त्यांच्याभोवती गाळणीचं कापड, आणि सगळ्या नळ्या एका मोठ्या नळीला जोडून ओढ्यात सोडायच्या. इंग्लिस-गोखल्यांच्या चरीचंच हे नवं रूप, फरक इतकाच की वर ऊस लावता येतो. खर्च मात्र मोठा आहे, आणि एकट्याने करून भागत नाही. शेजाऱ्याचं पाणी बांध बघून थांबत नाही. त्यामुळे गट करावा लागतो, आणि गटात प्रत्येकजण आपापला रिपोर्ट घेऊन येतो. कुणाचा दीड, कुणाचा पाच. ज्याचा दीड तो म्हणतो, माझं रान चांगलं आहे, मी पैसे का भरू? मघाशी लाखभर रुपये म्हणालो ते हे.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. लॅबला तीन गोष्टी विचारा: माती-पाण्याचं प्रमाण काय घेतलं, सामू किती, आणि सोडियम मोजला का. नमुना वरच्या पांढऱ्या थराचा नुसता खरवडून देऊ नका, तो नेहमी भयंकरच येणार. एक फूट, दोन फूट, तीन फूट असे वेगळे द्या. एप्रिल-मेचा आकडा आणि दिवाळीचा आकडा यांची तुलना करू नका, मधल्या पावसाने मीठ खाली ढकललेलं असतं. आणि पेनने स्वतः मोजत असाल तर लक्षात ठेवा, पाणी एक अंशाने तापलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. पेनला तापमानाची दुरुस्ती नसेल तर मे महिन्यातल्या दुपारच्या विहिरीच्या पाण्याचा आणि डिसेंबरच्या पहाटेच्या पाण्याचा आकडा मीठ तेवढंच असूनही वेगळा दिसेल.

शेवटी एक गोष्ट जी मला अजून पुरती सुटलेली नाही. नळ्यांतून बाहेर पडणारं ते खारं पाणी ओढ्याला जातं, ओढा कृष्णेला. खालच्या गावची उपसा योजना त्याच नदीतून पाणी उचलते, तेच पाणी उसाला देते, आणि ऊन पाणी नेऊन मीठ तिथे ठेवतं. पावसाळ्यात नदी एवढी फुगलेली असते की कुणाला पत्ता लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पात्र आटतं तेव्हा त्या पाण्याची वाहकता किती असते, हे दर आठवड्याला कुठल्याही गावच्या पंपावर हजार रुपयांच्या पेनने मोजता येईल. तुमच्यापैकी कुणी नदीकाठी राहत असेल आणि हे करायला तयार असेल तर मला सांगा. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, पेनचं मॉडेल, सगळं लिहा. तापमान विसरू नका.